भार नगण्य

“सहा फुटांवरून बाळंतपण करून दाखवा साहेब, मी आजच्या आज राजीनामा देते.”

मी असं म्हणाले आणि ट्रेनिंगला बसलेल्या सगळ्या सिस्टर खो खो हसल्या. पुण्याहून आलेला इंजिनिअर मात्र हसला नाही. अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “मॅडम, शक्य तेवढं अंतर ठेवायचं.”

शक्य तेवढं म्हणे! अहो, बाळाचं डोकं दिसायला लागतं तेव्हा बाईचा हात माझ्या गळ्यात असतो. तिचा पाय माझ्या बरगडीत असतो, ती किंचाळते ते थेट माझ्या कानात. तिनं मास्क तर कधीच ओरबाडून फेकलेला असतो, कारण कळा देताना तोंडावर फडकं ठेवून बघा एकदा. त्यात माझ्या शेजारी रूथ, बाईची पाठ चोळत, आमची डोकी एकमेकींना टेकलेली. यात अंतर कुठून आणू?

मी इंदुमती खरात, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात लेबर रूमची इन्चार्ज. रूथ भिंगारदिवे माझ्याबरोबरची. नर्सिंगला आम्ही एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो आणि मागची मोठी साथ आली तेव्हा शेवटच्या वर्षाला असताना एकाच प्लास्टिकच्या पोशाखात आळीपाळीनं घाम गाळला. तिला लहानपणापासून दमा. त्या साथीतून ती वाचली तेव्हा मी तिला म्हटलं होतं, “आता पुन्हा असलं काही आलं तर तू घरी बसायचंस.” ती म्हणाली होती, “आणि बायका काय तुझा नवरा बाळंत करणार का?”

आलंच पुन्हा. या वेळच्या तापाला लोक ‘धाप’ म्हणायचे, कारण पहिला दिवस-दीड दिवस काहीच नसायचं आणि मग माणूस बसल्या जागी धापा टाकायला लागायचा. ज्यांची छाती आधीच अधू, त्यांच्यातलं क्वचितच कुणी उठायचं.

आणि या वेळी सोबत मणी आला.

सुपारीएवढा, करड्या रंगाचा, गळ्यात दोरीनं अडकवायचा. रूथनं पहिल्याच दिवशी त्याला ‘सरकारी मंगळसूत्र’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. पण वस्तू हुशार होती, खोटं कशाला बोलू. तो मणी सतत रेडिओची बारीक टिचकी सोडत असतो. ती समोरच्याच्या मण्याला लागून परत यायला किती वेळ लागला त्यावरून दोघांमधलं अंतर काढतो, अगदी वीतभराच्या हिशेबात. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतो. म्हणजे या खोलीतली हवा दुसऱ्याच्या छातीतून किती फिरून आलीय, ते त्याला कळतं. कोण किती जवळ, किती वेळ आणि कसल्या हवेत, हे तिन्ही धरून तो तुमच्यावरचा ‘भार’ ठरवतो. भार वाढत गेला की हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल. लाल झालात की वॉर्डाचं दार तुम्हाला उघडत नाही. घरी जाऊन विश्रांती घ्यायची, सक्तीची.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, कवच कुणाला द्यायचं ते या भारावरून ठरणार होतं.

कवच म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. विषाणूला चिकटून त्याला पेशीत शिरूच द्यायचे नाहीत असे रेणू, कारखान्यात मोठमोठ्या टाक्यांमध्ये वाढवलेले. लस घेतली की शरीर हळूहळू शिकतं. इथं शिकवणी नाही, लढणारेच आयते आत सोडायचे. लागण होण्याआधी द्या, नाहीतर झाल्या झाल्या द्या, तरच उपयोग. पण बनायचं थोडं आणि मागणारे उदंड. मागच्या साथीत फ्रीजमधल्या बाटल्या कुणाकुणाच्या मेव्हण्यांना पोचल्या होत्या ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून या वेळी वाटप माणसाच्या हातात ठेवलंच नाही. बँकेच्या एटीएमसारखं एक यंत्र मधल्या पॅसेजमध्ये बसवलं. ज्याचा भार जास्त त्याला ते बोलावणार, मणी तपासणार, पंजाच्या शिरा तपासणार, फुंकर मारायला लावून श्वास तपासणार आणि मग दंडात सुई तेच टोचणार. वशिला नाही, चिठ्ठी नाही. आम्हाला ते फार आवडलं होतं. रूथ तर म्हणाली, “देवाला सुद्धा एवढा न्याय जमला नाही गं.”

पण लेबर रूममध्ये मणी पहिल्या आठवड्यातच आमच्या जिवावर उठला.

कळा देणाऱ्या बाईवर वाकलं की तो टीं टीं करून बोंबलायचा. बाई घाबरायची, तिला वाटायचं बाळाला काही झालं. “जोर लाव, जोर लाव” म्हणायचं की “हे यंत्र आहे गं, लक्ष देऊ नकोस” म्हणायचं? दोन बाळंतपणांत मणी लाल. लाल झालेली सिस्टर घरी. आमच्यातल्या तिघी अशा एकामागून एक घरी गेल्या, त्या या वॉर्डात परतल्याच नाहीत. बदली सिस्टर मागितल्या तर वरून उत्तर आलं, अंतर पाळा. उरलो मी, रूथ आणि आमच्या ठकूमावशी, ज्यांनी या वॉर्डात लादी पुसता पुसता माझ्याहून जास्त बाळंतपणं बघितली असतील. त्यानंतर एका बाईची वार अडकली, रक्त थांबेना, आणि माझा मणी लाल, दार मला आत घेईना. मी काचेवर मुठी आपटत होते. रूथनं एकटीनं निभावलं. बाई वाचली, पण बाहेर आल्यावर रूथ माझ्याकडे बघून म्हणाली, “हे असं चालणार नाही, इंदू.”

मणी गळ्यातून काढून ठेवला तर तो ओरडतो. त्याला अंगाची ऊब लागते आणि थोडी हालचाल लागते. हे सुचायला बाळंतपणं करणारीच पाहिजे. स्टोअरमध्ये दोन टोकांना दोन जुने बेबी वॉर्मर पडून होते. नवं बाळ गार पडू नये म्हणून त्याला ज्या दिव्याखाली ठेवतात ते. बरोब्बर बाळाच्या अंगाएवढी ऊब. आणि जुने इतके, की चालू केले की खडखड हलायचे. रूथनं आपला मणी एकात ठेवला, माझा दुसऱ्यात. दोन्ही मणी हिरवेगार. ठकूमावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, “घ्या! बाळंतिणी राहिल्या बाजूला, सिस्टरांनाच शेक चाललाय.”

हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आम्ही कामाला लागलो, जसं आयुष्यभर केलं तसं, अंगाला अंग लावून.

पाऊस सरला, थंडी आली. कामावर आलं की मणी वॉर्मरमध्ये, जाताना गळ्यात. आमच्या वॉर्डात बायकांची रीघ, कारण खासगीवाल्यांनी दारं लावून घेतली होती. यंत्राला मात्र वेगळंच दिसत होतं. पेशंटच्या गळ्यात मणी असतो, जन्मलेल्या बाळाच्या पायालाही बारीकसा बांधतात. त्यामुळे यंत्राच्या मते एक बाई खोलीत एकटी निजायची, आसपास कुणी नाही, आणि थोड्या वेळानं तिच्याशेजारी बाळ हजर. बाळं आपोआप होत होती म्हणायची!

मग कवचाची पहिली खेप आली. यंत्रानं नावं पुकारली. अपघात विभाग, बरोबर. एक्स-रेवाला, ठीक. ऑफिसातले हेडक्लार्क, कारण त्यांच्या बंद केबिनमध्ये दिवसभर माणसांची गर्दी. कँटीनचा आचारी. लेबर रूमच्या नावापुढे पडद्यावर दोन शब्द होते: भार नगण्य.

मी आणि रूथ त्या पडद्यासमोर उभ्या होतो. मला आधी हसू आलं आणि मग वॉर्मर आठवले.

“पुढच्या खेपेला बघू,” रूथ म्हणाली.

पुढची खेप यायच्या आत आफरीन आली. पहिलटकरीण, पोरसवदा, नवरा दुबईला अडकलेला. बाळ मोठं, कळा मंद. मी दुसऱ्या टेबलावर होते. आफरीनला रूथनं सकाळपासून दुपारपर्यंत कवेत धरून ठेवलं, अक्षरशः. ती खोकत होती, रडत होती, “दीदी, सोडून जाऊ नका” म्हणत होती आणि रूथ तिच्या कपाळाला कपाळ लावून सांगत होती, “कुठं जात नाही मी. बघ माझ्याकडे. श्वास घे माझ्याबरोबर.” मुलगी झाली, छान गुटगुटीत. संध्याकाळी आफरीनचा रिपोर्ट आला. धाप.

रूथनं तो माझ्या हातून घेतला, वाचला आणि घडी घालून परत दिला. “चला,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अधीक्षकांच्या, डॉक्टर असलकरांच्या केबिनमध्ये. माणूस वाईट नाही. खुर्चीत पार वाळून गेले होते बिचारे.

“सर, यंत्रात एक मात्रा अजून शिल्लक आहे, रूथला आज ते कवच मिळालं तर ती वाचेल. उद्या उपयोग नाही. तुम्ही सांगा यंत्राला.”

“सिस्टर, त्याला माझं ऐकायची सोयच ठेवलेली नाही. मुद्दामच ठेवलेली नाही. तुमच्या वॉर्डाचा भार बघा, काहीच नाही.”

मग मी सगळं ओकून टाकलं. वॉर्मर, मणी, सगळं. “लिहून घ्या, सही करते. हवी ती शिक्षा करा. पण खरा भार धरा.”

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “हे मी कागदावर घेतलं की चौकशी होईपर्यंत वॉर्ड सील. तुम्ही दोघी बाहेर. चौकशीला आठवडा लागेल. तोवर रूथ सिस्टरना काही मिळणार नाही ते नाहीच, वर तुमच्या सगळ्या बायका जिल्ह्याला. तिथं व्हरांड्यात बाळंत होतायत बायका. पाठवू?”

आमच्याकडे त्या दिवशी एक पायाळू होती, बाळ उलटं. तिला हलवणं म्हणजे दोघांना मारणं. मी दाराकडे वळले. ते हळू आवाजात म्हणाले, “मी काही ऐकलेलं नाही, सिस्टर. जा तुम्ही.”

मला राग कुणाचा यावा तेच कळेना. यंत्र खोटं बोललं नव्हतं. आम्हीच त्याला खोटं शिकवलं होतं, तेही बायका मरू नयेत म्हणून. आणि आता त्याला खरं सांगायचं तर खरं वाटण्यासारखं काही आमच्यापाशी उरलं नव्हतं.

मग एकच गोष्ट सुचली. भार नाही ना? मग चढवते भार.

रूथला मी मागच्या रिकाम्या खोलीत खिडकी उघडून बसवलं, कुणाजवळ जायचं नाही म्हणून बजावलं. तिचा मणी मी माझ्या गळ्यात घातला, अगदी वर, पेशंटच्या तोंडापाशी येईल असा. माझा वॉर्मरमध्ये ठेवायला गेले तर दोन्ही वॉर्मरमध्ये खरीखुरी बाळं. गर्दी एवढी झाली होती की ठकूमावशींनी ती जुनी धुडं पुसून वॉर्डात आणून लावली होती. मग माझा मणी मी गाउनच्या आत कमरेला खोचला आणि कामाला लागले.

असली ड्यूटी मी जन्मात केली नाही. एक झाली की दुसरी. मुद्दाम वाकत होते, मुद्दाम जवळ जात होते, खिडक्या लावून घेतल्या होत्या. गळ्यातला मणी टाहो फोडत होता आणि मी मनात म्हणत होते, ओरड, आणखी ओरड. एका बाईनं विचारलं, “सिस्टर, हे काय वाजतंय?” म्हटलं, “तुझ्या बाळाची वरात आहे गं, जोर लाव.”

ऊन कलायला लागलं तेव्हा रूथचा मणी लालभडक झाला होता. पाठोपाठ कमरेचा माझाही. पॅसेजमधल्या पडद्यावर अक्षरं आली: प्रसूती कक्ष, एक मात्रा, रूथ भिंगारदिवे.

मला नाचावंसं वाटलं. माझ्या मनातला बेत सरळ होता. कवच घेतलेल्याला लाल असला तरी दार उघडतं. म्हणजे रूथ टोचून घेऊन आत जाईल, पायाळू बाळंतपण तीच करील, तिचा हात माझ्याहून हलका. मी लाल म्हणून घरी जाईन, झोप काढीन. ठकूमावशींना बाईपाशी बसवलं. “दहा-पंधरा मिनिटं सांभाळा, रूथला पाठवते,” म्हणाले, रूथचा मणी तिच्या गळ्यात परत घातला आणि तिला घेऊन यंत्रापाशी आले.

रूथचा चेहरा जरा तापल्यासारखा दिसत होता. मी तिला विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

तिनं मणी टेकवला, दिवा हिरवा. पंजा ठेवला, हिरवा. आत कुठंतरी गोठवलेली कुपी वितळायला लागल्याचा आवाज आला. पडद्यानं सांगितलं, मात्रा तयार, थोड्याच मिनिटांत वापरावी. मग नळी पुढे आली. रूथनं फुंकर मारली.

पडद्यावर नवी अक्षरं आली.

‘लागण पुढे गेली आहे. मात्रेचा उपयोग नाही. पुढील पात्र व्यक्ती: इंदुमती खरात.’

“नाही नाही नाही,” मी म्हणाले. “रूथ, थांब. माझा मणी घाल. फुंकर मी मारते. तू हात घाल फक्त.” तिच्या गळ्यात माझा मणी अडकवला, नळीत मीच जीव खाऊन फुंकले आणि तिचा दंड त्या पोकळीत दाबला. यंत्रानं पंजाच्या शिरा पाहिल्या. हात जुळत नाही. पुन्हा केलं. हात जुळत नाही. मी त्या पत्र्यावर लाथ मारली, शिव्या दिल्या, बापजन्मात दिल्या नव्हत्या असल्या. पडद्यावरची मिनिटं कमी होत होती.

“इंदू,” रूथ म्हणाली, “हात घाल.”

“मी नाही घेणार. तुझ्या वाट्याचं आहे ते.”

“नाही घेतलंस तर दार उघडणार नाही. आत मावशी एकट्या आहेत. पाय बाहेर आले की त्या काय करतील?”

“मरू दे सगळ्यांना!”

हे मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. पॅसेजमध्ये घुमलं.

रूथ थोडी हसली. म्हणाली, “असं काय गं. घाल हात.” आणि ती मागे सरकली. एक पाऊल, दोन पावलं, भिंतीला टेकेपर्यंत. एवढ्या वर्षांत ती माझ्यापासून स्वतःहून अशी लांब कधी गेली नव्हती. आतून ठकूमावशींची हाक आली, “सिस्टर, पाय दिसायला लागले!”

मी हात घातला. सुई बारीक होती, दुखलं सुद्धा नाही.

दार उघडलं. मी मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर गेले नसते. पायाळू बाळ निघालं. निळं होतं, चोळून चोळून रडवलं. मुलगा. ठकूमावशी मला म्हणाल्या, “रूथ सिस्टर कुठायत?” मी म्हणाले, “येतील.”

रूथ स्वतःच्या पायांनी चालत तापाच्या वॉर्डात गेली. तीन दिवस बोलत होती, फोनवर, धापा टाकत. दोन दिवस नाही. नंतर तिचा फोन तिथल्या सिस्टरनं उचलला आणि ती काही बोलायच्या आधीच मला कळलं. टेबलावर एक बाई होती. मी हातमोजे बदलले आणि तिला म्हणाले, “कळ आली की सांग.” दुसरं काय करणार होते मी?

चर्चच्या मागच्या दफनभूमीत मोजकीच माणसं येऊ दिली. सगळे लांब लांब उभे. रूथचा नवरा, नथानिएल भाऊ, शाळेत चित्रकला शिकवतो, मवाळ माणूस. माती पडून झाल्यावर तो माझ्याकडे आला आणि नियमानं सांगितलेल्या अंतरावर थांबला.

“वहिनी, एक विचारू? तुमच्या वॉर्डासाठी इंजेक्शन आलं होतं म्हणे.”

“हो.”

“तिला नाही मिळालं?”

“नाही, भाऊ.”

“मग कुणाला?”

मला वाटलं जमीन फाटावी आणि मी रूथशेजारी आत जावं. “मला,” मी म्हणाले.

मी वाट बघत होते. बोल रे, मनात म्हणत होते, ओरड, चार लोकांत माझी अब्रू काढ, माझ्या झिंज्या उपट, मी हूं का चूं करणार नाही.

त्यानं मान हलवली. “बरं झालं,” म्हणाला. “एकीला तरी मिळालं. ती असती तर तिनंही हेच म्हटलं असतं.” आणि खरंच म्हणत होता तो, टोमणा नव्हता.

मग त्यानं हात जोडले आणि तो लेकीला घेऊन फाटकाकडे गेला. मला पुढे होऊन त्या पोरीला एकदा पोटाशी धरायचं होतं. फाटकावरच्या शिपायानं हात आडवा केला, “मॅडम, अंतर,” म्हणाला, आणि मी थांबले.